बारा चित्रांच्या प्रिंट्स : प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी

बावीस वर्षांच्या चित्रकामातून बारा चित्रे निवडायची आणि त्यांच्या फाइन आर्ट प्रिंट्सची मर्यादित आवृत्ती स्वतःच्या देखरेखीखाली काढायची, असे आज नक्की केले आणि त्यासाठी ही वही सुरू केली. पंधरा वर्षांपूर्वी ‘पावसाआधी’ या माझ्या तैलचित्राच्या काही प्रिंट्स मी एका छपाई करणाऱ्याकडून काढून घेतल्या होत्या. कागद कोणता, शाई कोणती, हे मी तेव्हा विचारले नव्हते; प्रिंट ताजी असताना झकास दिसत होती, एवढ्यावर मी सह्या केल्या. त्यातली एक ज्यांनी घेतली होती त्या बाई गेल्या महिन्यात ती फ्रेमसकट घेऊन आल्या. त्यांनी तक्रार केली नाही. हे असे का झाले असावे, एवढेच विचारले. चित्रातला किरमिजी रंग जवळजवळ पूर्ण उडाला होता, त्यामुळे ढगांमधला जांभळेपणा जाऊन सगळे आकाश हिरवट झाले होते. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकल्या गेलेल्या बोटभर पट्टीत मूळ रंग शाबूत होते, त्यामुळे काय होते आणि काय उरले हे एकाच कागदावर शेजारी शेजारी दिसत होते. समासात पेन्सिलने केलेली माझी सही तेवढी जशीच्या तशी होती, कारण पेन्सिलीतले ग्राफाइट प्रकाशाने उडत नाही.

ती प्रिंट मी ठेवून घेतली आहे. तिच्या बदल्यात नवी देईन, असा शब्द दिला आहे. या आवृत्तीतली पहिली प्रत त्यांची असेल.

११ जानेवारी

नाव काय द्यायचे, यावर आज बराच वेळ गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून, लाकडी ठशावरून किंवा शिळेवरून घेतलेले मुद्राचित्र ही स्वतंत्र मूळ कलाकृती असते, कारण ते चित्र त्या पत्र्याच्या किंवा शिळेच्या बाहेर कुठेच नसते. माझ्या चित्रांचे तसे नाही. ती कॅनव्हासवर किंवा कागदावर आधीच अस्तित्वात आहेत आणि प्रिंट त्यांच्यावरून निघणार आहे. खरेदी करणाऱ्याला हा फरक स्वच्छ शब्दांत कळला पाहिजे. अशा इंकजेट प्रिंट्ससाठी वापरला जाणारा ‘जिक्ले’ हा शब्द १९९१ मध्ये जॅक ड्यूगन या मुद्रकाने फवारा या अर्थाच्या फ्रेंच धातूवरून पुढे आणला, कारण इंकजेट हे नाव कार्यालयातल्या यंत्राचे वाटत होते. त्या काळातल्या आयरिस नावाच्या इंकजेट यंत्रांवर निघालेल्या प्रिंट्स दिसायला अप्रतिम असत, पण त्यांच्या शाया विरघळणाऱ्या रंजकांच्या होत्या, न विरघळणाऱ्या रंगद्रव्याच्या कणांच्या नव्हत्या, आणि त्यांतल्या पुष्कळ लवकर फिक्या पडल्या. आज जिक्ले हा शब्द कशालाही चिकटवला जातो. त्या एका शब्दावरून कागदाची प्रत कळत नाही आणि शाईचा प्रकारही कळत नाही. म्हणून प्रिंटसोबतच्या प्रमाणपत्रावर मी तो शब्द वापरणार नाही. ‘मूळ तैलचित्रावरून, रंगद्रव्याच्या शाईने, कापसाच्या कागदावर काढलेली प्रिंट’ असे सरळ लिहीन.

चित्रकाराने आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढणे यात कमीपणा काही नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणले आणि त्यांच्या ओलिओग्राफमुळे, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत शिळाछाप चित्रांमुळे, जी घरे तैलचित्र कधीच घेऊ शकली नसती त्या घरांत चित्र पोहोचले. प्रत किती लोकांपर्यंत गेली याइतकाच ती किती निष्ठेने काढली हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि पंधरा वर्षांपूर्वी मी तो स्वतःला विचारला नव्हता.

१९ जानेवारी

निवड पूर्ण झाली, पण पहिल्या यादीप्रमाणे नाही.

सुरुवातीच्या सहा-सात वर्षांतले काम मी जवळजवळ वगळूनच टाकले होते, कारण त्यातला अनिश्चितपणा मला आज बोचतो. मग सगळी चित्रे, किंवा जी विकली गेली त्यांची छायाचित्रे, काळाच्या क्रमाने भिंतीशी उभी केली आणि लक्षात आले की आज माझी म्हणून जी ओळखली जाते ती करडी-निळी रंगसंगती चौथ्या वर्षाच्या तीन लहान जलरंगांत पहिल्यांदा आली आहे. त्या तीन चित्रांत हात कच्चा आहे, पण डोळा खरा आहे. ती तिन्ही घेतली. उलट मधल्या काळातली, प्रदर्शनांत हमखास विकली जाणारी मोठी फुलांची चित्रे घेतली नाहीत. त्यांची मागणी आहे आणि त्यांच्या प्रिंट्स लवकर संपतील, हे मला ठाऊक आहे. पण ती चित्रे मी मागणी आहे म्हणून काढत राहिले होते, आणि तीच चूक प्रिंटच्या रूपाने पुन्हा करायची नाही.

बारांपैकी पाच चित्रे आता माझ्याकडे नाहीत. बहुतेक देशांच्या कायद्यात चित्र विकले तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क, लेखी करार करून दिला नसेल तर, चित्रकाराकडेच राहतो. सांगून काढून घेतलेल्या चित्रांबाबत नियम वेगळे असू शकतात, म्हणून जुनी कागदपत्रे पुन्हा वाचली. हक्क असला तरी पाचही मालकांना पत्रे लिहिली, कारण चित्राचे छायाचित्र घेण्यासाठी ते काही दिवस परत मागावे लागणार आहे आणि चित्र एकमेव आहे या भावनेने त्यांनी ते घेतले होते. चौघांनी आनंदाने होकार दिला. पाचव्यांनी आठवण करून दिली की याची प्रत निघणार नाही असे मी त्यांना तोंडी म्हटले होते. मला ते बोलणे आठवत होते. ते चित्र यादीतून काढले आणि त्या जागी ‘कंदील’ घेतले.

२ फेब्रुवारी

छायाचित्रण सुरू झाले. प्रिंटची गुणवत्ता यंत्राच्या आधी इथे ठरते, हे ज्यांच्याकडे छपाई होणार आहे त्या मुद्रकांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते आणि दोन दिवसांच्या कामात ते पटले.

चित्र भिंतीवर अगदी उभे, कॅमेऱ्याचे भिंग त्याला काटेकोर समांतर, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दोन सारखे दिवे. चित्राच्या जागी आधी कोरा करडा कागद लावून चारी कोपरे आणि मध्य यांतला उजेड मोजला; डावा कोपरा किंचित काळसर येत होता, तो दिवा वीतभर मागे नेल्यावर सुधारला. प्रत्येक चित्रासोबत चोवीस चौकटींची रंगपट्टी एकदा टिपली, म्हणजे त्या दिव्यांत आणि त्या कॅमेऱ्यात रंग कुठे सरकतात हे नंतर मोजून दुरुस्त करता येते. ‘पावसाआधी’ साठ बाय ऐंशी सेंटिमीटरचे आहे. ते मूळ आकारात, इंचाला ३०० बिंदूंनी छापायचे तर ७०८७ बाय ९४४९ बिंदू लागतात, म्हणजे सुमारे ६ कोटी ७० लाख. आमच्या कॅमेऱ्यात एका टिपणीत तेवढे मिळत नाहीत, म्हणून चित्र सहा भागांत टिपून जोडले.

खरी अडचण तैलरंगाच्या चकाकीची होती. वार्निश केलेल्या गडद भागांवर दिव्यांचे पांढरे ठिपके उमटत होते. दिव्यांवर ध्रुवणपटल (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे पोलरायझिंग फिल्टर) लावून आणि भिंगावर त्याला काटकोनात दुसरे लावून ती चकाकी पूर्ण घालवता येते, आणि गडद रंग एकदम खोल, स्वच्छ दिसू लागतात. पहिल्यांदा पाहताना मी हरखून गेले. दुसऱ्या दिवशी मूळ चित्राशेजारी तोच फोटो पाहिला तेव्हा काहीतरी मेलेले वाटले. सुरीने लावलेल्या जाड रंगाच्या कडेवर जो बारीक प्रकाश असतो, तोही त्या पटलाने पुसून टाकला होता, आणि रंगाचा थर आहे हे डोळ्याला त्या प्रकाशावरूनच कळते. शेवटी कॅमेरा न हलवता दोन टिपण्या घेतल्या, एक चकाकीविना आणि एक थोड्या चकाकीसह, आणि दुसरीतला प्रकाश फक्त जाड थरांच्या जागी हलक्या हाताने मिसळला. हे काम यांत्रिक नाही. कुठला फटकारा उठून दिसावा हे चित्र काढताना ज्याने ठरवले, त्यानेच ते इथेही ठरवायला हवे.

जलरंगांना ही अडचण नाही. त्यांच्या कागदाचा पोत तेवढा सांभाळावा लागतो. सपाट स्कॅनरमध्ये उजेड एकाच बाजूने पडला की खरखरीत कागदाच्या प्रत्येक उंचवट्याला सावली येते, म्हणून तेही कॅमेऱ्यानेच टिपले.

९ फेब्रुवारी

‘नदीकाठ’मधला कोबाल्ट निळा फोटोत जांभळट आला. पांढरा तोल (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची जुळवणी) बरोबर, रंगपट्टी बरोबर, तरी हा एकच रंग चुकलेला. मुद्रकांनी कारण सांगितले: कोबाल्ट निळे रंगद्रव्य दृश्य वर्णपटाच्या अगदी तांबड्या टोकाला आणि त्यापलीकडेही पुष्कळ प्रकाश परावर्तित करते. आपला डोळा त्या टोकाला फारसा संवेदनशील नाही, कॅमेऱ्याचा संवेदक असतो, म्हणून तो त्या निळ्यात तांबडे मिसळतो. सगळ्या चित्राचा रंग हलवून हे सुधारत नाही. मूळ चित्र प्रमाणित दिव्याखाली ठेवून, फक्त त्या निळ्यावर, एकेक पायरी करत दुरुस्ती केली. चार तास लागले.

१६ फेब्रुवारी

पडद्याचे मोजमाप. माझा पडदा कारखान्यातून आला तसाच, डोळे दिपवणारा होता. त्यावर बरोबर वाटणारे चित्र कागदावर काळवंडते, आणि दोष प्रिंटरला दिला जातो. मापकाने तो प्रति चौरस मीटर ९० कॅन्डेलापर्यंत खाली आणला, पांढरा तोल ५००० केल्व्हिनच्या जवळ ठेवला. सगळ्या फाइली १६ बिटच्या, मोठ्या रंगआवाक्यात जतन केल्या आहेत.

२४ फेब्रुवारी

कागद. या एका विषयावर तीन आठवडे नमुने गोळा करत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

लाकडाच्या लगद्यातले लिग्निन काढले नाही तर कागद पिवळा पडतो आणि आम्लाने ठिसूळ होतो. शुद्ध केलेला अल्फा-सेल्युलोज कागद या दोषातून बराच सुटतो. कापसाच्या तंतूंचा कागद मुळातच जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा असतो. टिकाऊ कागदाच्या आयएसओ ९७०६ या मानकात कागदात किमान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कलीचा साठा मागितला आहे, म्हणजे हवेतून किंवा फ्रेममधून येणारे आम्ल त्यात शोषले जाते. एवढे बहुतेक चांगल्या कागदांच्या माहितीपत्रकात असते. माहितीपत्रकात जे अनेकदा बारीक अक्षरांत असते ते म्हणजे पांढरेपणासाठी घातलेली चमकद्रव्ये. ही द्रव्ये अतिनील प्रकाश घेऊन निळसर प्रकाश देतात, त्यामुळे कागद झगझगीत पांढरा दिसतो. पण ती प्रकाशाने हळूहळू निकामी होतात आणि कागद आपल्या मूळ पिवळसर रंगावर येतो. त्यासोबत चित्रातल्या सगळ्या हलक्या छटा सरकतात.

रात्री खोली अंधारी करून अकरा नमुने अतिनील टॉर्चखाली ठेवले. पाच निळे पेटले, दोन मंद, चार अंधारातच राहिले. मग परत आलेली जुनी प्रिंट फ्रेममधून सोडवून तिच्यावर टॉर्च धरली. माउंटखाली झाकलेली पट्टी निळी उजळली आणि पंधरा वर्षे उजेडात राहिलेला भाग जवळजवळ काळा राहिला. शाई उडाली हे मला माहीत होते. कागदही त्याच वेळी बदलत होता, हे आज डोळ्यांनी पाहिले.

अंधारात राहिलेल्या चार कागदांतून दोन ठरले. नऊ चित्रांसाठी ३०८ ग्रॅम वजनाचा, गुळगुळीत, चमक नसलेला कापसाचा कागद. त्याचा पांढरा किंचित उबदार आहे आणि जलरंगांना तो शोभतो. ‘कंदील’ आणि रात्रीची आणखी दोन तैलचित्रे यांच्यासाठी बराइटा कागद, म्हणजे बेरियम सल्फेटचा थर दिलेला किंचित चमकदार कागद, कारण चमक नसलेल्या कागदावर काळ्याची घनता साधारण १.६ ते १.७ इतकीच जाते आणि बराइटावर ती २.३च्या आसपास पोहोचते. ‘कंदील’मध्ये काळ्याच्या आत आणखी एक काळा आहे, दाराची चौकट आणि तिच्यामागचा अंधार. पहिल्या कागदावर ते दोन्ही एकच होऊन गेले आणि चित्रातली खोली बंद झाली.

आज आणखी एक गोष्ट केली. निवडलेल्या दोन्ही कागदांवर रंगद्रव्याच्या शाईने सारखी पट्टी छापली, तिसरी पट्टी रंजकाच्या शाईने साध्या कागदावर काढली, आणि तिन्हींचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून त्या दक्षिणेच्या खिडकीत लावल्या. कंपन्या जे शंभर-दोनशे वर्षांचे आकडे देतात ते प्रखर उजेडातल्या थोड्या काळाच्या चाचणीवरून काढलेले असतात, आणि त्यामागे एक गृहीत धरलेला उजेड असतो; प्रिंट्सचा टिकाऊपणा तपासणाऱ्या हेन्री विल्हेल्म यांच्या संस्थेच्या चाचण्यांत तो ४५० लक्स (लक्स हे उजेडाचे माप), दिवसाचे बारा तास, असा धरलेला आहे. शायांची तुलना करायला ते आकडे फार उपयोगी आहेत, पण कोणाच्या भिंतीवर अमुक वर्षे टिकेल असे वचन मी त्यांवरून देऊ शकत नाही. खिडकीतल्या पट्ट्या निदान माझ्या समोर आहेत.

५ मार्च

पहिली प्रुफे, म्हणजे मंजुरीआधीच्या चाचणी प्रती. प्रत्येक कागदासाठी आमच्याच यंत्रावर रंगचौकटी छापून, मोजून, स्वतंत्र प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात याची संगणकाला द्यायची नोंद, तयार केली. बाहेरून आयत्या मिळालेल्या प्रोफाइलपेक्षा करड्या छटा स्पष्टपणे सुधारल्या.

प्रत्येक शाई-कागदाच्या जोडीला रंगांचा ठरावीक आवाका असतो आणि माझ्या चित्रांतले काही रंग त्याच्या बाहेर पडतात. ‘पावसाआधी’मध्ये क्षितिजावर कॅडमियम नारिंगीची एक पट्टी आहे, जेमतेम बोटभर रुंद. ती चमक नसलेल्या कागदावर विटकरी झाली. रूपांतराचे दोन मार्ग होते. एकात आवाक्यातले रंग जागच्या जागी राहतात आणि बाहेरचे त्याच्या काठावर आणून ठेवले जातात. दुसऱ्यात सगळेच रंग थोडे आत ओढून त्यांच्यातली परस्परनाती सांभाळली जातात. पहिल्यात ढग बरोबर आले, नारिंगी सपाट झाली. दुसऱ्यात नारिंगीतल्या छटा उरल्या, पण ढगांतला तो जांभळट भार हलका झाला. दोन्ही प्रुफे मूळ चित्राशेजारी, ५००० केल्व्हिनच्या दिव्याखाली, किती तरी वेळ पाहिली.

मग विचार बदलला. ती नारिंगी मूळ चित्रात एवढी जळते ती स्वतःच्या तेजामुळे आणि तितकीच शेजारच्या निळ्या-करड्यामुळे. तेज कागदावर आणता येत नसेल तर शेजार बदलता येतो. पहिला मार्ग ठेवला, नारिंगीच्या लगतचा करडा अगदी थोडा थंड आणि अर्धी पायरी गडद केला, आणि पट्टी पुन्हा पेटली. मोजमापाने पाहिले तर ही प्रिंट मूळ चित्रापासून थोडी अधिक दूर गेली आहे. पाहणाऱ्याच्या डोळ्याला ती जवळ आली आहे. माझ्या मते हा अधिकार चित्रकाराचा आहे. त्याच्या हयातीत दुसऱ्या कोणी तो त्याला न विचारता वापरू नये.

६ मार्च

कालचे निर्णय आज कोरड्या प्रुफांवर पुन्हा तपासले. चमक नसलेल्या कागदावर ताजी शाई आणि चोवीस तासांनंतरची शाई यांत गडद छटांचा फरक पडतो, त्यामुळे ओल्या प्रुफावर मत नोंदवायचे नाही, असा नियम केला. घरगुती पिवळ्या दिव्याखालीही पाहिले, कारण प्रिंट शेवटी तिथेच राहणार आहे. एका जलरंगातला करडा तिथे तांबूस दिसत होता. शायांच्या मिश्रणातला काळ्याचा वाटा वाढवल्यावर तो दोन्ही उजेडांत स्थिर झाला.

१२ मार्च

सात कागद वाया गेले. चारांवर आडव्या बारीक रेघा आल्या, कारण यंत्राचे एक छिद्र तुंबले होते. छपाईआधी तपासणी-नमुना काढला असता तर एकच कागद गेला असता. उरलेल्या तिघांवर पांढरे ठिपके. कापसाच्या कागदावर कापताना सुटलेले तंतू असतात, शाई त्यांच्यावर पडते, आणि नंतर तंतू झडला की खाली पांढरा ठिपका उघडा पडतो. आता प्रत्येक कागद उभा धरून मऊ रुंद ब्रशने झटकूनच यंत्रात जातो.

२१ मार्च

आकार ठरले. लहान जलरंग मूळ आकारातच राहतील. ते मोठे केले तर पाण्याच्या ओघळाची कड, जी मूळात केसाएवढी आहे, दोरीसारखी दिसते आणि हाताची गतीच खोटी वाटू लागते. मोठी तैलचित्रे थोडी लहान होतील. ‘पावसाआधी’ तेवढे पूर्ण आकारात. चारी बाजूंना समास, खालचा थोडा जास्त.

३ एप्रिल

आवृत्तीची संख्या. प्रत्येक चित्राच्या तीस प्रती आणि तीन कलावंताच्या प्रती. अशा राखीव प्रती आवृत्तीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असाव्यात असा रिवाज आहे आणि तो मला योग्य वाटतो. पत्र्यावरून छापताना सुरुवातीच्या आणि शेवटच्या प्रतींत झिजेमुळे फरक पडत असे, म्हणून संख्येला कारागिरीचे कारण होते. डिजिटल फाइल झिजत नाही. इथे तीस हा आकडा केवळ माझ्या शब्दावर उभा आहे, आणि म्हणूनच तो शब्द जास्त काटेकोर हवा. थोडा वेगळा आकार, वेगळा कागद, ‘दुसरी आवृत्ती’, अशा वाटांनी हा शब्द मोडलेला मी जवळून पाहिला आहे. प्रमाणपत्रावर लिहिले आहे की हे चित्र यानंतर कोणत्याही आकारात वा कागदावर विक्रीसाठी छापले जाणार नाही. पुस्तकात किंवा प्रदर्शनाच्या पत्रिकेत छापण्याचा अपवाद तिथेच नमूद केला आहे. प्रत्येक प्रतीची नोंद एका वेगळ्या वहीत राहील: क्रमांक, छपाईचा दिवस, कागदाचा गठ्ठा, कोणाकडे गेली.

किंमत सर्व तीस प्रतींना एकच राहील. शेवटच्या प्रती महाग करत नेण्याची पद्धत मला माहीत आहे. पण पहिली आणि तिसावी प्रत एकाच दर्जाची असताना उशिरा आलेल्याकडून जास्त घेण्याला मला पटण्याजोगे कारण सापडले नाही.

कारकिर्दीच्या दृष्टीने या प्रकल्पाकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही लिहून ठेवते. वर्षातून जेमतेम आठ-दहा चित्रे पूर्ण होतात आणि त्यांतली निम्मी विकली जातात. प्रिंट्समुळे दोन प्रदर्शनांमधला काळ विक्रीची चिंता न करता काढता येईल, आणि नव्या चित्राला लागेल तितका वेळ देता येईल. धोका याच्या उलट बाजूला आहे. जुन्या कामाच्या प्रती काढण्यात, गुंडाळण्यात आणि पाठवण्यात दिवस जाऊ लागले तर चित्रकार स्वतःच्याच जुन्या कामाचा व्यवस्थापक होतो. म्हणून आठवड्यातला एकच दिवस प्रिंट्सचा, बाकीचे दिवस चित्रशाळेचे.

१८ एप्रिल

अंतिम प्रुफे मंजूर केली. ज्या प्रुफाशी ताडून पुढची प्रत्येक प्रत पास होते किंवा फाडली जाते, त्याला मुद्राचित्रकारांच्या परंपरेत ‘बॉन आ तिरे’, म्हणजे छापायला योग्य, असे म्हणतात. बाराही प्रुफांवर तसे लिहून सही केली आणि ती मुद्रकांकडेच ठेवली. ‘कंदील’चे सहावे प्रूफ मंजूर झाले, ‘नदीकाठ’चे नववे. मुद्रकांनी एकदाही घाई केली नाही, याची इथे कृतज्ञतेने नोंद करते.

२९ एप्रिल

पहिल्या गठ्ठ्यावर सह्या. समासात पेन्सिलने सही करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिसलरसारख्या चित्रकारांमुळे रुजली, आणि कापसाच्या कागदावर पेन्सिल अजूनही सर्वांत चांगली बसते. बराइटाचा पृष्ठभाग ती धरत नाही, तिथे रंगद्रव्याच्या शाईचे बारीक पेन वापरले. चमक नसलेल्या कागदाचा छापील भाग नखाच्या ओझरत्या स्पर्शानेही ओरखडतो. एक प्रत माझ्या बाहीच्या बटणाने गेली, तिचा क्रमांक वहीत रद्द केला आणि ती फाडली.

६ मे

प्रती निदान दोन दिवस उघड्यावर, वर शोषक कागद ठेवून वाळवतो आहोत. शाईतली ग्लायकॉलसारखी द्रव्ये सावकाश बाहेर पडतात, आणि त्याआधीच काचेखाली घातली तर काचेच्या आतून धुरकट थर जमतो. सोबत एक पानाची सूचना जोडली: आम्लरहित माउंट, काच प्रिंटला न टेकणारी, थेट ऊन नको, दमट भिंत नको. संग्रहालये कागदावरच्या चित्रांसाठी साधारण ५० लक्सचा उजेड ठेवतात. घरात तेवढा कमी उजेड कोणी ठेवणार नाही, पण खिडकीसमोरची भिंत टाळणे प्रत्येकाला शक्य आहे.

१४ मे

‘पावसाआधी’ची १/३० क्रमांकाची प्रत त्या बाईंकडे स्वतः नेऊन दिली. पूर्वी ती खिडकीसमोर होती. त्यांनी जागा आधीच बदलून ठेवली होती. त्यांनी नवी प्रत बराच वेळ पाहिली आणि नारिंगी पट्टीवर बोट न टेकवता, हवेतच एक रेघ ओढली. जुनीत ही रेघ केव्हा गेली ते आपल्याला कळलेच नाही, असे त्या म्हणाल्या.

२५ मे

खिडकीतल्या पट्ट्या तीन महिन्यांनी काढून पाहिल्या. रंजकाच्या पट्टीवर झाकलेला आणि उघडा भाग यांच्यामधली कड आता दुरूनही दिसते; किरमिजी आधी गेला आहे, निळा त्यामागून. कापसाच्या कागदावरची रंगद्रव्याची पट्टी डोळ्यांना सारखीच दिसते, मापकाने पिवळ्यात अगदी लहान फरक दाखवला. बराइटावरही जवळपास तेवढाच. तिन्हींची मापे वहीत लिहिली, पुठ्ठे जुन्या खुणांवर बसवून पट्ट्या पुन्हा खिडकीत लावल्या. रद्द झालेली जुनी प्रिंट आणि तिच्या माउंटखालची शाबूत पट्टी नकाशांच्या कप्प्यात, मंजूर प्रुफांच्या छायाचित्रांशेजारी ठेवली आहे. दुसरा गठ्ठा सोमवारी यंत्रावर जाईल. पट्ट्यांची पुढची तपासणी २५ ऑगस्टला.